जोडचाकांची हवा : एक दुर्लक्षित कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणिसांनी यंदाच्या मेळाव्यात दोन शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली आणि विषयाची निवड आमच्यावरच सोपविली. आम्ही विषय कळविला तेव्हा काही मंडळींस नवल वाटल्याचे आमच्या कानी आले. ज्ञातीच्या व्यासपीठावरून शिक्षणाविषयी बोलावे, लग्नकार्यातील खर्चाविषयी बोलावे, वसतिगृहाच्या निधीविषयी बोलावे; परंतु मालमोटारीच्या मागच्या चाकांतील हवेविषयी बोलण्याचे प्रयोजन काय, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देऊनच पुढे जाणे योग्य होईल.

आज या मंडपात जी कुटुंबे बसली आहेत, त्यांतील किती घरांची चूल मालमोटारीवर पेटते, याचा हिशेब प्रत्येकाने मनाशी करावा. कोणी मालक आहे, कोणी चालक आहे, कोणाचा मुलगा क्लीनर आहे, कोणी नाक्यावर पंक्चरचे दुकान घालून बसला आहे, तर कोणी कांद्याचा व्यापारी असून त्याचा माल दुसऱ्याच्या ट्रकमधून मुंबईस जातो. आपल्या वडीलधाऱ्या पिढीने बैलगाडीच्या चाकाला वेळच्या वेळी वंगण घातले, धाव सैल झाली तर ती बसवून घेतली, आणि तसे न करणाऱ्यास गावाने नावे ठेविली. त्या चाकाची जागा आज रबरी चाकाने घेतली आहे. परंतु ती दक्षता मात्र मागेच राहिली, असे आम्हांस दिसते. ज्या गोष्टीवर ज्ञातीतील शेकडो माणसांचे पोट आणि प्राण अवलंबून आहेत, ती गोष्ट या व्यासपीठास परकी कशी म्हणावी?

आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. आम्ही यंत्रज्ञ नव्हे. परंतु आयुष्यभर मुलांना शास्त्र आणि गणित हे विषय शिकविले, आणि चाकातील हवा हा विषय या दोहोंच्या बाहेरचा नाही. फार मोठी विद्या त्यास लागत नाही. सातवीच्या मुलास समजावे इतकेच ते शास्त्र आहे, आणि तेवढेच आम्ही येथे मांडणार आहोत.

प्रथम एक मूळ गोष्ट. मालमोटारीचा भार टायर उचलतो, अशी आपली समजूत असते. वस्तुतः भार उचलते ती हवा. टायर ही त्या हवेला कोंडून धरणारी केवळ पिशवी होय. हवा भरलेल्या चाकाचे पेटंट रॉबर्ट विल्यम टॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ साली प्रथम घेतले. पण लोक ते विसरून गेले. पुढे बेलफास्ट येथील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तीच युक्ती नव्याने शोधून काढिली आणि १८८८ साली तिचे पेटंट घेतले. त्या घटनेला आता सवाशेहून अधिक वर्षे लोटली. रबर बदलले, कापडी दोऱ्यांच्या जागी पोलादी तारा आल्या. पण भार उचलण्याचे काम आजही हवाच करते.

आता सहा चाकांची आपली नेहमीची ट्रक घ्या. पुढे दोन चाके, आणि मागच्या आसावर दोन्ही बाजूंस दोन-दोन मिळून चार. १६ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून चार टायरांच्या एका आसावर अनुज्ञेय असलेला भार १०.२ टनांवरून ११.५ टन केला. ११,५०० किलोस चाराने भागिले असता प्रत्येक टायरच्या वाट्यास २,८७५ किलो येतात. चाकात ११० पौंड हवा आहे असे समजा. म्हणजे दर चौरस इंचास ११० पौंड, किंवा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे पावणेआठ किलो. २,८७५ किलो तोलून धरण्यास एवढ्या दाबाच्या हवेला सुमारे ३७० चौरस सेंटिमीटर जागा रस्त्यावर टेकवावी लागते. ही जागा केवढी, तर शाळेतल्या लहान वहीच्या एका पानाएवढी! एवढ्याशा जागेवर आपला पाऊण लाखाचा माल, बँकेच्या कर्जावर घेतलेली गाडी आणि आत बसलेली दोन माणसे यांचा भरवसा टाकलेला असतो.

हवा कमी झाली की काय होते? तोच भार तोलण्यास अधिक जागा टेकवावी लागते. टायर खाली बसतो, त्याच्या कुशी बाहेर फुगतात, आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर त्या कुशी दुमडतात आणि सरळ होतात. लोखंडाची तार एकाच जागी वाकवून सरळ करीत राहिले तर ती प्रथम तापते आणि मग तुटते, हे आपण सर्वांनी लहानपणी करून पाहिले आहे. टायरच्या कुशीचेही तेच होते. मालमोटारीचे चाक एका किलोमीटरमध्ये ३०० हून अधिक फेरे घेते. नाशिकहून मुंबईस जाईतो त्या कुशी किती वेळा दुमडल्या असतील, याचा गुणाकार विद्यार्थ्यांनी घरी करून पाहावा.

आता आम्ही मूळ मुद्याकडे येतो, तो जोडचाकांचा. पुढचे चाक बसले तर चालकाच्या हाती सुकाणू ओढू लागते. ते त्यास कळते. मागचे एकच चाक असते तर गाडी एका अंगास कलली असती. तेही दिसले असते. परंतु मागे दोन चाके शेजारी-शेजारी, एकाच हबवर आवळलेली असतात. त्यांतील एकाची हवा उतरली तर दुसरे निमूटपणे सगळा भार आपल्या शिरावर घेते. गाडी कलत नाही, चालकास काही जाणवत नाही, बाहेरून पाहणारास दोन्ही चाके सारखीच दिसतात. एकत्र कुटुंबात एक भाऊ आजारी पडला आणि दुसऱ्याने न बोलता त्याचेही काम ओढिले, तर घराबाहेरच्यांस काही दिवस काही कळत नाही. कळते तेव्हा दुसराही अंथरुणास खिळलेला असतो. जोडचाकांची गोष्ट हुबेहूब अशीच आहे. २,८७५ किलोंचा धनी असलेला टायर त्याच्या दुप्पट भाराकडे जाऊ लागतो, आणि मग एक हवेवाचून आणि दुसरा भारामुळे, असे दोन्ही टायर जातात.

टायर बनविणारांस हे ठाऊक आहे. म्हणूनच टायरच्या कुशीवर १४६/१४३ यांसारखे दोन आकडे छापलेले असतात. पहिला आकडा एकट्या चाकाचा, दुसरा जोडीतल्या चाकाचा. १४६ म्हणजे ३,००० किलो, आणि १४३ म्हणजे २,७२५ किलो. तोच टायर, तेच रबर. परंतु जोडीत बसविला की त्याची भारक्षमता २७५ किलोंनी कमी धरावी, असे निर्माता स्वतः सांगतो, कारण जोडीत भाराची वाटणी नेहमी समसमान होत नाही. सुजाण श्रोत्यांच्या येथे लक्षात आले असेल की २,७२५ हा आकडा आपल्या २,८७५ पेक्षा कमी आहे. म्हणजे आस ११.५ टनांपर्यंत भरावयाचा असेल तर हा टायर त्यास पुरत नाही; तेथे १४९/१४६ चा, म्हणजे जोडीत ३,००० किलो उचलणारा टायर हवा. टायर घेताना किमतीबरोबर हे आकडेही वाचावेत. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

जोडीतल्या आतल्या चाकाची स्थिती तर अधिकच बिकट. ते ब्रेकच्या ड्रमालगत असते, त्यास वारा कमी लागतो, म्हणून ते अधिक तापते. पाणी वाहून जावे यासाठी रस्त्याचा मध्य किंचित उंच ठेवलेला असतो, त्या उंचवट्यामुळे आतल्या चाकावर भारही थोडा अधिक पडतो. आणि इतके सोसणाऱ्या त्या चाकाची हवा पाहणे सर्वांत अडचणीचे! त्याच्या व्हॉल्वपर्यंत हात जात नाही, वाकावे लागते, कपडे मळतात. परिणाम असा की ज्या चाकाकडे प्रथम पाहावयाचे, त्याकडे कोणीच पाहत नाही.

आपल्याकडे चाकाची परीक्षा करण्याची जी रीत आहे, ती टॉमीने अथवा लाकडी दांडक्याने ठोकून पाहण्याची. क्लीनर गाडीभोवती एक फेरी मारतो, चारदोन ठिकाणी ठोकतो, आणि "ठीक आहे, उस्ताद" म्हणून वर चढतो. त्या आवाजावरून पार बसलेला टायर ओळखता येतो, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ११० पौंडांचा आवाज आणि ८५ पौंडांचा आवाज यांतील भेद सांगू शकेल असा कान आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे. आईने मुलाच्या कपाळास हात लावून ताप आहे हे ओळखावे. पण किती आहे हे पाहण्यास वैद्याला तापमापक लागतोच. चाकाचा तापमापक म्हणजे हवेचा गेज. त्यास दुसरा पर्याय नाही.

येथे एक समजूत दूर करणे अगत्याचे आहे. लांब पल्ला मारून गाडी थांबली असता गेज लाविला तर आकडा चढलेला दिसतो, आणि "हवा जास्त झाली" म्हणून ती सोडून देण्याची पुष्कळांची चाल आहे. ही चाल घातक आहे. कोंडलेल्या वायूचा दाब त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो, हा पदार्थविज्ञानाचा नियम. सकाळी २७ अंश उष्णतेस चाकात ११० पौंड हवा होती असे धरा. गेज बाहेरच्या हवेच्या दाबापासून पुढे मोजतो, म्हणून त्यात बाहेरच्या हवेचे १४.७ मिळवावे लागतात; एकूण १२४.७. आता चाक तापून आतली हवा ६७ अंशांवर गेली. निरपेक्ष मापनात हे ३०० वरून ३४० झाले. दाबही त्याच प्रमाणात वाढून १४१ च्या वर जातो, आणि गेज सुमारे १२६ ते १२७ दाखवितो. ही वाढ दोष नसून निसर्गनियम आहे, आणि टायर घडविताना ती गृहीत धरलेली असते. ती वाढलेली हवा कोणी सोडून दिली, तर रात्री चाक निवाल्यावर आत ९५ पौंडच उरतात. दुसऱ्या दिवशी ते ९५ पौंडांचे चाक अधिक दुमडते, अधिक तापते, आकडा पुन्हा चढतो, आणि आपण पुन्हा हवा सोडतो! यास्तव हवा मोजावी ती थंड चाकाची. गाडी निदान तीन तास उभी असावी, आणि शक्य तर उन्हे चढण्यापूर्वी मोजावी.

दुसरी समजूत अशी की माल भरला म्हणजे आतला दाब वाढतो, म्हणून थोडी हवा कमी ठेवावी. माल भरल्याने टायरचा आकार बदलतो, पण आतल्या पोकळीचे आकारमान फारसे बदलत नाही. म्हणून दाबही नाममात्रच बदलतो. भार वाढला तर हवा कमी नव्हे, पुरेशी हवी. तिसरी समजूत नायट्रोजनविषयीची. नायट्रोजन भरला की पुन्हा पाहावयास नको, असे काहींना वाटते. आपण श्वासावाटे घेतो त्या साध्या हवेतही शेकडा ७८ भाग नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन भरण्यात काही गैर नाही; परंतु सैल पिनेतून तोही बाहेर पडतो, आणि तोही गेजनेच मोजावा लागतो.

जोडीतल्या दोन्ही चाकांचा दाब सारखा हवा, त्याचप्रमाणे त्यांची उंचीही सारखी हवी. एक टायर नवा आणि शेजारी झिजलेला असा संसार फार दिवस चालत नाही. व्यासातील फरक सुमारे ६ मिलिमीटरांपेक्षा, म्हणजे परिघातील फरक सुमारे १९ मिलिमीटरांपेक्षा अधिक नसावा, असा संकेत आहे. दोन्ही चाके एकाच हबला आवळलेली असल्यामुळे त्यांचे फेरे सारखेच होतात. मग ज्याचा परीघ लहान ते चाक वाटेत फरफटत जाते. आपण परिघात अवघा १० मिलिमीटरांचा फरक धरू. एका किलोमीटरमध्ये ३१० च्या आसपास फेरे, म्हणजे दर किलोमीटरला तीन मीटरांहून थोडी अधिक फरफट. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग २०२५ च्या जून महिन्यात संपूर्ण खुला झाला. त्याची लांबी ७०१ किलोमीटर. त्या एका खेपेत हे चाक दोन किलोमीटरांहून अधिक अंतर नुसते घासत जाईल. आणि हवा कमी झाली की चाकाची उंचीही कमी होते, म्हणून दोन नव्या टायरांतही हवेच्या फरकामुळे हाच प्रकार घडतो. रबर जाते, डिझेल जाते. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते.

येथवर पैशाची गोष्ट झाली. आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय निवडिला, ती सांगतो. सांगताना आम्ही नाव घेणार नाही. ज्यांस ठाऊक आहे त्यांस सांगण्याची गरज नाही.

आमचा एक विद्यार्थी होता. गणितात चांगला. नववीनंतर घरच्या ओढगस्तीमुळे शाळा सुटली आणि तो क्लीनर म्हणून गाडीवर गेला. कांदा भरून गाडी वाशीच्या बाजारास निघाली होती. पहाटेपूर्वी पोहोचले तर भाव मिळतो, उशीर झाला तर पडतो, हे आपण जाणता. रात्री घाटाच्या अलीकडे चहासाठी गाडी थांबली असता त्यासच प्रथम रबराचा वास आला. आतला टायर बसला होता आणि किती वेळ तो तसाच धावत होता, हे कोणास ठाऊक नव्हते. रस्त्याकडेला एक दुकान उघडे होते. चाक गाडीवरून न उतरविता, आहे तशीच हवा भरून पुढे जावे, असे ठरले. मुलगा नळी धरून चाकासमोर उकिडवा बसला. हवा भरत असता रिमची कडी सुटली. त्यास दवाखान्यात नेईपर्यंत काही उरले नव्हते. त्याचे वय एकोणीस वर्षांचे होते.

आम्ही समाचारास गेलो तेव्हा बसलेली मंडळी म्हणत होती, "वेळ आली होती." दुःखाच्या प्रसंगी माणसे असे बोलतात, त्यात कोणाचा हेतू वाईट नसतो. मुलाचे वडील मात्र आम्हांस बाजूस घेऊन म्हणाले, "गुरुजी, तुम्ही शास्त्र शिकवलंत त्याला. हे असं का झालं, ते मला एकदा समजावून सांगा." आम्ही त्यांस त्या दिवशी जे सांगितले, तेच आज सर्वांसमोर सांगत आहोत.

ठरलेल्या दाबाच्या शेकडा ८० पेक्षा कमी हवेवर जो टायर धावला, तो बसलेल्या अवस्थेत धावला असे समजावे, हा या धंद्यातील जाणत्यांचा नियम आहे. ११० पौंडांच्या चाकास ही मर्यादा ८८ पौंडांची. त्याखाली धावलेल्या टायरच्या कुशीतील पोलादी तारा दुमडून-दुमडून कमकुवत झालेल्या असू शकतात आणि बाहेरून ते दिसत नाही. त्यात पुन्हा हवा कोंबू लागले की त्या तारा एकामागून एक तुटत जातात आणि कूस कपड्याच्या चेनप्रमाणे उसवून फुटते. ट्यूबवाल्या चाकांत आणखी एक धोका असतो. त्यांचे रिम अखंड नसते. टायर अडविणारी कडी निराळी बसविलेली असते. टायर बसलेल्या स्थितीत चालला तर ती कडी आपल्या खाचेतून सरकू शकते. मग हवा भरताच आतला दाब तिला तोफगोळ्यासारखी फेकून देतो. म्हणून असा टायर गाडीवर असताना भरू नये. जोडीतील दोन्ही टायरांच्या पिना काढून हवा पूर्ण सोडावी, त्यानंतरच नट सैल करावेत. चाक उतरवून, टायर रिमवरून काढून, आतबाहेर तपासावा. कडी आणि तिची खाच पाहावी. मग ते चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, लांब नळीने, समोरून बाजूस उभे राहून भरावे. भरताना तडतड असा आवाज आला तर हवा बंद करून दूर व्हावे. पिंजरा नसलेल्या दुकानात बसलेला टायर भरून घेऊ नये, मग कांद्याचा भाव पडला तरी बेहत्तर.

हे सांगून झाल्यावर ते वडील काही वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे सकाळी हवा पाहिली असती तर?" त्यांस आम्ही उत्तर दिले नाही. ते उत्तर देण्याचे दायित्व त्या बापाचे नाही, आणि त्या मुलाचे तर नव्हेच. ते आपणा सर्वांचे आहे. वेळ आली नव्हती. वेळ दिली गेली नव्हती.

मालक मंडळींस आमचे हे शब्द कडू लागतील. पण शिक्षकाने गोडच बोलावे असा करार नाही. चालकास आपण पगार देतो तो खेपेवर. जितक्या खेपा अधिक, तितके पैसे अधिक. मग थंड चाकाची हवा पाहण्यास लागणारी दहा-पंधरा मिनिटे त्याने कोणाच्या खाती घालावीत? १९६१ साली संसदेने मोटार वाहतूक कामगारांसाठी जो कायदा केला, त्यात गाडी धावत नसताना गाडीसंबंधी केलेले कामही कामाच्या वेळात धरिले होते. कायदा करणारांस साठ वर्षांपूर्वी जे समजले, ते आपल्या घरातील माणसांच्या बाबतीत आपणांस समजू नये काय? हवा पाहण्याचा वेळ हा कामाचा वेळ आहे, आणि त्याचे दाम दिले पाहिजे. "चमडी जाय पण दमडी न जाय" ही म्हण कंजूष माणसास हसण्यासाठी आहे. तिच्यावर धंदा चालवावयाचा नाही. शिवाय येथे चमडी दुसऱ्याची असते.

चालक बंधूंसही दोन शब्द. ही तपासणी क्लीनरवर सोपवून आपण निजणे बरे नव्हे. ती कशी करावी, ते थोडक्यात सांगतो. गेज दुतोंडी आणि लांब दांड्याचा घ्यावा, म्हणजे बाहेरच्या आणि आतल्या दोन्ही चाकांस लागतो. दोन चाके बसविताना त्यांचे व्हॉल्व एकमेकांच्या समोरासमोरच्या अंगास येतील असे बसवावेत, म्हणजे दोहोंपर्यंत हात पोचतो. प्रथम आतले चाक मोजावे, मग बाहेरचे. दाब किती हवा हे शेजारच्या गाडीवाल्यास न विचारता गाडीच्या आणि टायरच्या निर्मात्याने दिलेल्या आकड्यावरून ठरवावे. आमचे ११० केवळ उदाहरणापुरते आहेत. पुढची दोन, मागची चार आणि स्टेपनी, अशी सात चाके मोजावीत. स्टेपनीस विसरू नये, कारण अडचणीच्या वेळी तीच कामास येते. मोजून झाल्यावर व्हॉल्वच्या तोंडास साबणाचे पाणी लावून बुडबुडा येतो काय ते पाहावे. मग टोपी बसवावी. ती टोपी शोभेची नव्हे. धुळीस अडविणारी आणि हवेस राखणारी ती दुसरी कडी आहे. टोपी धातूची, आत रबर असलेली घ्यावी. दोन चाकांच्या मध्ये दगड अडकला असेल तर काढावा. फुगलेल्या कुशी एकमेकींस घासत असतील तर त्याची खूण रबरावर दिसते, ती पाहावी. शेवटी सातही आकडे वहीत मांडावेत. निरोगी टायरातूनही हवा कणाकणाने झिरपत असते. पण जोडीतला एकच टायर दर आठवड्यास इतरांपेक्षा अधिक उतरत असेल तर वहीवरून ते ध्यानात येते, आणि घाटात थांबण्याऐवजी गावात असतानाच पंक्चर निघते. आता हवेचा दाब चालकासमोर काचेवर दाखविणारी विजेची साधनेही मिळतात. ज्यांस परवडेल त्यांनी ती अवश्य बसवावीत. ज्यांस परवडत नाहीत त्यांस गेज आणि वही पुरेशी आहे. गेजही वर्षातून दोनदा दुसऱ्या खात्रीच्या गेजशी ताडून पाहावा. खोटे बोलणारा साक्षीदार साक्षीदार नसण्याहून वाईट.

भगिनींसही आमची एक विनंती आहे. आपल्यापैकी कित्येकींच्या अंगावरचे सोने गाडीच्या पहिल्या हप्त्यास गेले आहे. गाडी नवी आली तेव्हा चाकाखाली लिंबू ठेविले गेले, नारळ फुटला, आपण ओवाळले. दसऱ्यास गाडीला झेंडूची माळ आपणच घालता. आम्ही त्या श्रद्धेचा अनादर करीत नाही. आमच्या घरीही खंडेनवमीस शस्त्रे आणि अवजारे पुजिली जातात. एवढेच म्हणतो की यंदा त्या पूजेत हवेचा गेजही मांडावा. आणि घरचा माणूस गाडीवर निघाला की "डबा घेतला का" याबरोबर "हवा पाहिली का" हेही विचारावे. मंडळाच्या ठरावापेक्षा घरातील हा प्रश्न अधिक परिणामकारक होईल, असा आमचा अनुभव सांगतो.

आता सभेपुढे तीन सूचना ठेवून भाषण आवरते घेतो. पहिली : ज्ञातीतील प्रत्येक गाडीमालकाने प्रत्येक गाडीत एक चांगला गेज आणि एक वही ठेवावी, आणि तपासणीचा वेळ कामाच्या वेळात धरून त्याचा मोबदला द्यावा. दुसरी : ज्ञातीतील जे बंधू टायरचे आणि पंक्चरचे दुकान चालवितात, त्यांतील ज्यांची ऐपत नाही त्यांस हवा भरण्याचा लोखंडी पिंजरा बसविण्यासाठी मंडळाच्या निधीतून बिनव्याजी उसनवार द्यावी. वसतिगृहाच्या निधीस हात न लावता हे करता येईल; स्नेहभोजनातील एक गोडाचा पदार्थ कमी केला तरी आरंभ होईल. तिसरी : जी मुले शाळा सोडून गाडीवर गेली आहेत, त्यांच्यासाठी दर रविवारी सकाळी दोन तासांचा वर्ग चालवावा. त्यात वाचन, हिशेब आणि गाडीच्या देखभालीचे शास्त्र शिकवावे. या वर्गास शिक्षक मिळत नसेल तर आमची सेवा विनावेतन हजर आहे. खडू आणि फळा तेवढा मंडळाने द्यावा.

ज्ञातीची उन्नती मोठ्या ठरावांनी होते असे आम्हांस वाटत नाही. ती रोज सकाळी करावयाच्या लहान कामांनी होते. ती कामे कोणी पाहत नसता करावी लागतात आणि त्यांबद्दल हार घातला जात नाही. जोडीतले आतले चाक कोणास दिसत नाही; परंतु भार तेच अधिक उचलते. समाजातही अशी आतली चाके पुष्कळ आहेत. क्लीनरची पोरे त्यांपैकीच. त्यांच्याकडे वाकून पाहण्याची सवय आपणांस लागो, एवढीच आमची इच्छा आहे.